आधी वजनकाटा, मग ट्यूब?

महाराष्ट्रातल्या त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांना एका फार्मासिस्टचं खुलं पत्र

आदरणीय डॉक्टर,

स. न. वि. वि.

मिरजेत एका मेडिकलमध्ये मी फार्मासिस्ट आहे. काउंटरमागे उभं राहून यंदा १९ वर्षं झाली. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. कर्नाटकातूनही माणसं पिशवीत जुन्या फायली कोंबून इथं उतरतात. त्यामुळे डॉक्टरांची पुष्कळ अक्षरं मला तोंडपाठ आहेत. कोण 'रात्री एकदा, वाटाण्याएवढी' असं नीट लिहितं आणि कोण नुसतं ट्यूबचं नाव खरडून पुढचं माझ्यावर सोपवतं, हेही ठाऊक आहे. त्याची तक्रार नाही. तुमच्या दाराबाहेरचा बाक किती लांब असतो ते मी रोज बघते.

गेल्या जूनमध्ये मात्र मी स्वतःच त्या बाकावर बसले होते. लेक १७ वर्षांची, नुकतीच बारावीत गेलेली. हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेनं मुरुमांचे खोल, दुखरे फोड. कपाळावर बारीक दाणे. पाठीचं तर विचारूच नका. दुकानातल्या ट्यूबा तिच्यावर चालवायच्या नाहीत असं मी ठरवलं होतं. आईनं घरात डॉक्टरकी करू नये, एवढं १९ वर्षांत शिकलेय. म्हणून रीतसर नंबर लावून नेलं. कुणाकडे ते सांगत नाही. एका माणसाबद्दल लिहायचं असतं तर हे पत्र खुलं केलं नसतं.

वजनकाटा बोळात होता, बाकांच्या बरोबर समोर. केसपेपर लिहिणाऱ्या ताई टेबल सोडून उठत नव्हत्या, म्हणून काट्यावर उभं राहायचं आणि आकडा ओरडून सांगायचा अशी तिथली रीत. लेकीनं हळूच सांगितला. "किती?" "ब्याऐंशी." "बहात्तर ना?" "नाही. ब्याऐंशी." बाकावरच्या एका आजोबांनी पेपर खाली करून बघितलं आणि परत वर केला.

आत गेल्यावर डॉक्टरांनी केसपेपर आधी वाचला, चेहरा नंतर पाहिला. म्हणाले, "एवढ्या वजनावर क्रीमचा काही उपयोग व्हायचा नाही. आधी दहा-बारा किलो उतरव, मग औषधाचं बघू." चिठ्ठीवर एक फेसवॉश, आणि त्याखाली दोन रेघा मारलेला एकच शब्द: वजन. पाठ दाखवायची राहूनच गेली. पाळी वेळेवर येते का, हेही कुणी विचारलं नाही.

परत येताना रिक्षात ती बराच वेळ गप्प होती. गांधी चौकाच्या अलीकडे म्हणाली, "आई, क्रीम माझ्या वजनाला पुरत नाही का? मग दुप्पट लावली तर?"

हा प्रश्न खुळा नाही. तिनं लहानपणापासून मला वजनावर औषध मोजताना पाहिलंय. तापाचं सिरप मागायला कुणी आलं की माझा पहिला प्रश्न असतो, बाळाचं वजन किती? पॅरासिटामॉल एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. मुरुमांच्याच औषधांत बघायचं तर आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या तुम्ही वजनावरच ठरवता: रोज किलोमागे ०.५ ते १ मिलिग्रॅम, आणि सगळ्या कोर्सची बेरीज किलोमागे १२० ते १५० मिलिग्रॅम. तिथं ५० किलोच्या मुलाला आणि ८२ किलोच्या मुलाला वेगळ्या स्ट्रिपा जातात, आणि ते बरोबरच आहे. गोळी पोटात जाते, रक्तात उतरते, अंगभर वाटली जाते. अंग मोठं असेल तर वाटा लहान पडतो.

चेहऱ्यावर लावलेलं मुरुमांचं जेल, म्हणजे ॲडापलीन, असं वाटलं जात नाही. ते जिथं लावलं तिथंच, केसाच्या मुळाशी असलेल्या तेलाच्या छिद्रात काम करतं. रक्तात जवळजवळ उतरतच नाही. बेन्झॉइल पेरॉक्साइडचंही तेच. त्याला जंतू मारायचे आहेत ते त्या छिद्रातले. खाली मांडीवर किती चरबी आहे याची त्याला वार्ता नसते. मलमाचं माप किलोत नसतं, जागेत असतं. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि तेवढ्यात हाताच्या दोन तळव्यांएवढी जागा भागते, हे माप तर तुमच्याच शास्त्रातलं आहे. ८२ किलोच्या मुलीचा चेहरा ५० किलोच्या मुलीपेक्षा फार तर गालाच्या फुगवट्याएवढा मोठा. वाटाण्याच्या जागी जरा टपोरा वाटाणा.

दुप्पट लावण्याचं उत्तर तर आणखी सोपं होतं. बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ टक्क्यांचं घ्या किंवा १० टक्क्यांचं, लाल फोडांवर काम जवळपास सारखंच होतं. वाढते ती फक्त आग आणि सालपटं. हे मी रिक्षात सांगितलं. तिला ते पटलं नसावं. डॉक्टरांनी एक सांगितलेलं आणि आईनं दुसरं, अशा वेळी १७ वर्षांची मुलगी कुणाचं ऐकते हे वेगळं सांगायला नको.

मग मी वाचायला बसले. रात्री दुकान बंद केल्यावर, आठवडाभर. कारण मनात शंका होती की डॉक्टर म्हणतात त्यात काही असेलच. आणि आहे. मी ते नाकारणार नाही. इन्शुलिन सतत चढं राहिलं की अँड्रोजन, म्हणजे पुरुषी हार्मोन, वाढतात, त्यांना रक्तात बांधून ठेवणारं प्रथिन कमी होतं, आयजीएफ-१ नावाचा वाढीचा घटक जोर धरतो, आणि तेलाच्या ग्रंथी जास्त तेल सोडतात. वजन आणि इन्शुलिन यांचं नातं तर शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे वजनाचा मुरुमांशी संबंध लागू शकतो. प्रश्न असा की तो काट्यावर वाचता येतो का.

इस्रायलमध्ये लष्करभरतीच्या वेळी तपासलेल्या ६,००,४०४ मुलामुलींची पाहणी २०१९ साली छापून आली. सगळी माझ्या लेकीच्याच वयाच्या आसपासची. त्यात निघालं काय, तर वजन जास्त तसं मुरुमांचं प्रमाण कमी! उलट नॉर्वेत ओस्लोच्या मुलांमध्ये झालेल्या पाहणीत १८-१९ वर्षांच्या मुलींत जास्त वजन आणि मुरूम एकत्र दिसले, मुलग्यांत नाही. दोन्हीकडे पाहणी काळजीपूर्वक झालेली. एका ठिकाणी नातं उलटं, दुसऱ्या ठिकाणी सुलटं आणि तेही फक्त मुलींत. यातून मला एवढंच समजलं की केसपेपरवरचा वजनाचा आकडा बघून चेहऱ्याबद्दल निकाल देता येत नाही.

लॅरॉन सिंड्रोमचं वाचलं तेव्हा तर मी पेन खाली ठेवलं. या दुर्मिळ आजारात शरीरात आयजीएफ-१ तयारच होत नाही म्हणा ना. माणसं ठेंगणी राहतात, अंगावर चरबी भरपूर साठते, आणि मुरूम मात्र सहसा येत नाहीत. आयजीएफ-१ बाहेरून औषध म्हणून जास्त दिलं तर येतात. चरबी तीच, अंग तेच. घटक आला तेव्हा मुरूम आले. मग दोषी कोण, किलो की तो घटक?

आता 'दहा-बारा किलो उतरव' याकडे वळते. ऑस्ट्रेलियात २००७ साली १५ ते २५ वर्षांच्या ४३ मुलग्यांवर १२ आठवड्यांचा एक प्रयोग झाला. निम्म्यांना साखर हळूहळू चढेल असा आहार, बाकीच्यांना नेहमीचा. पहिल्या गटात चेहऱ्यावरचे फोड-दाणे सरासरी २३-२४ ने कमी झाले, दुसऱ्यात १२ ने. पहिल्या गटाचं वजनही उतरलं, त्यामुळे फायदा आहाराचा की वजनाचा हे त्यातून सुटं करता येत नाही. ते ठीक. पण वजन किती उतरलं होतं? २.९ किलो. दहाची अट कुठून आली, डॉक्टर? आणि त्या दुसऱ्या गटाकडेही बघा. त्यांनी आहार बदलला नाही, वजन उतरवलं नाही, तरी १२ दाणे गेलेच. मुरुमांची स्वतःचीही एक चाल असते, हे तुम्ही आम्हाला नेहमी सांगता.

आहाराचा हा प्रयोग मी लेकीला वाचून दाखवला तर ती म्हणाली, म्हणजे संध्याकाळचा वडापाव बंद. म्हटलं, कमी. बंद म्हटलं की तो क्लासच्या खाली उभं राहून खाल्ला जातो.

काट्याबद्दल आणखी एक गोष्ट, आणि ही आपल्या घरची आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटी टिपणी छापून आली. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी फोटो. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशेबानं वजनाचा आकडा, अगदी एकच: २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय अंगात लपलेली चरबी आणि तिच्यामागून येणारं इन्शुलिनचं दुखणं हा याज्ञिकांच्या कामाचा गाभा. त्याच कारणानं आपल्याकडे जास्त वजनाची रेघ २५ वरून २३ वर आणली. मग मला सांगा, ५१ किलोची, हनुवटीवर तसेच खोल फोड असलेली मुलगी तुमच्यासमोर बसते तेव्हा काय होतं? तिला ट्यूब मिळते. छान. पण पाळी, ओठावरची लव, मानेचा रंग हे तिला कुणी विचारतं का? मुंबईत १५ ते २४ वर्षांच्या मुलींमध्ये पीसीओएस, म्हणजे पाळी चुकवणारा आणि मुरूम, लव आणणारा हार्मोनचा बिघाड, किती आहे ते पाहिलं, २०१४ साली त्याचे निष्कर्ष आले. तो ओळखायचे रॉटरडॅमचे निकष लावले तर २२.५ टक्के. आणि त्यातल्या बहुतेक मुली लठ्ठ नव्हत्या. म्हणजे काट्यानं जाड मुलीची ट्यूब काढून घेतली आणि बारीक मुलीची तपासणी. दोघीही अर्ध्याच तपासल्या गेल्या.

माझ्या काउंटरवर मानेचं काळवंडणं रोज येतं. "मान घासून घासून साल निघाली, मळ जात नाही, एखादा स्क्रब द्या." आई मुलीची मान धरून मला दाखवते, मुलगी ओढणी वर घेते. तो मळ नसतो. मखमलीसारखी जाड, काळसर झालेली ती कातडी आतल्या इन्शुलिनची चिठ्ठी असते. काट्याच्या आकड्यापेक्षा ती चिठ्ठी जास्त खरं बोलते, आणि वाचायला मशीन लागत नाही. लेकीच्या मानेवरही ती होती. तुमच्या व्यवसायातल्या माणसानं ती वाचायला अर्धं मिनिट पुरलं असतं.

जिथं वजन खरंच हिशेबात धरायला हवं, तिथं मात्र ते धरलं जात नाही. याचा मला जास्त राग आहे.

पाठ घ्या. पाठीला कमरेखालपर्यंत सात पेरं मलम धरतात, म्हणजे एका वेळी साडेतीन ग्रॅम. १५ ग्रॅमची ट्यूब चार दिवसांत संपली. मुरुमांचं जेल एवढं जाड लावत नाहीत आणि पाठही सगळी धरायची नसते, म्हणून निम्मं करा. तरी आठ-नऊ दिवस. हे मध्यम बांध्याच्या माणसाचं झालं. १६० सेंटिमीटर उंचीच्या मुलीचं वजन ५० असेल तर तिच्या अंगाचं क्षेत्रफळ सूत्रानं १.४९ चौरस मीटर येतं, आणि ८० किलो असेल तर १.८९. पावपटीहून जास्त कातडी. आणि चिठ्ठीवर काय असतं? 'चेहरा व पाठ, रात्री, १ ट्यूब, १ महिना.' मुलगी बिचारी ती ट्यूब महिनाभर पुरवून पुरवून लावते, पाठीवर नुसता हात फिरतो, आणि महिन्यानं तुमच्यासमोर येऊन म्हणते फरक नाही. तुम्ही तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघता. ट्यूब कमी पडली होती, डॉक्टर. नाव वजनाचं झालं.

पाठीला हात पोचत नाही हा आणखी एक मुद्दा. तो बारीक माणसाचाही पोचत नाही म्हणा. हॉस्टेलवरची मुलगी रोज रात्री पाठीला जेल कुणाकडून लावून घेणार? बेन्झॉइल पेरॉक्साइडचा वॉश आंघोळीत दोन-तीन मिनिटं पाठीवर ठेवून धुतला तर निदान तेवढं तरी होतं. हे चिठ्ठीवर लिहायला एक ओळ लागते. बहुतेक वेळा ती ओळ मीच तोंडी सांगते, गर्दी नसेल तर.

दुसरं, जे मुरूमच नाही ते. काखेत आणि जांघेत पुन्हा पुन्हा येणारी गळवं. आपल्याकडे काखमांजरी म्हणतात, पोटीस बांधतात, फुटली की बरं वाटतं, महिन्यानं शेजारी दुसरी. हे कधीकधी हायड्राडेनायटिस असतं, आणि तिथं वजनाचा संबंध भक्कम आहे, घर्षणाचा आहे, सिगारेटचा आहे. तिथं वजनाची गोष्ट काढा, हक्कानं काढा. तसंच छातीवर आणि पाठीवर एकाच आकाराचे, खाजणारे, घामाच्या दिवसांत वाढणारे दाणे: ते यीस्टचे असू शकतात आणि मुरुमांच्या कुठल्याच क्रीमला दाद देत नाहीत. पेशंट जाड आणि घामट असेल तर 'वजनामुळे क्रीम लागू पडत नाही' म्हणणं सोपं पडतं. निदानच चुकलं होतं हे कुणाच्या लक्षात येत नाही. गर्भनिरोधक गोळ्या द्यायच्या असतील तर वजन विचारायलाच हवं, रक्ताच्या गुठळीचा धोका असतो. मी कुठं नाही म्हणतेय?

आणि हार्मोनचा जोर मोठा असेल तर नुसत्या क्रीमनं भागणार नाही, हेही मला मान्य आहे. खाली जाळ मोठा ठेवून उतू जाणाऱ्या दुधावर पाण्याचे शिंतोडे मारत राहावं, तसं होतं ते. पण अशा वेळी जाळ कमी करतात. शिंतोडे मारू नकोस, आधी घरातला सिलिंडर बदल, असं कुणी सांगत नाही. क्रीमच्या जोडीला तपासण्या लिहा, गोळ्या लिहा, आहार लिहा. शिवाय आता तर त्वचेतच अँड्रोजनची वाट अडवणारं क्लास्कोटेरोनचं क्रीमही निघालंय, अमेरिकेत २०२० साली त्याला परवानगी मिळाली. रोगाचं मूळ हार्मोनमध्ये आहे म्हणून वरून लावायचं औषध निकामी, हा हिशेब शास्त्रानंच मोडीत काढलाय.

आता माझ्या काउंटरची बाजू, कारण यात माझे हात स्वच्छ नाहीत.

'वजन कमी कर, मग बघू' ऐकून तुमच्या दारातून बाहेर पडलेली मुलगी घरी जाऊन वजन कमी करत बसत नाही. ती मेडिकलमध्ये येते. आजूबाजूला कुणी नाही बघून म्हणते, "काहीतरी द्या ना, मैत्रिणीला तीन दिवसांत फरक पडला." तीन दिवसांत फरक पाडणारी ट्यूब आमच्या फळीवर होती. त्यात स्टेरॉइड असतं, सोबत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनोइन. ती डागासाठी, थोड्या दिवसांसाठी, तुमच्या नजरेखाली वापरायची. मुरुमांवर घासली की पहिला आठवडा झकास, चेहरा गोराही दिसतो. मग सोडली की आग, लाली, केस, आणि स्टेरॉइडमुळे उठणारे नवे दाणे. २०१८ साली सरकारनं १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत म्हणून सांगितलं. तुमच्याच संघटनेनं त्यासाठी वर्षानुवर्षं आवाज उठवला होता. त्याआधी मी ती ट्यूब विकली आहे. मागेल त्याला. एका मुलीचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे; कॉलेजात होती, गालांवर बारीक लाल शिरा दिसायला लागल्या होत्या आणि ती मलाच विचारत होती की आता यावर काय लावू. त्या मुलीलाही कुणीतरी आधी वजन कमी करायला सांगितलं होतं. मी पण सांगितलं होतं, वर हसून.

थांबण्याची किंमत कुणी मोजत नाही म्हणून सांगते. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तर दहा किलोंना पाच महिने लागतात, आणि तसं सरळ रेषेत कुणाचंच उतरत नाही. मध्ये गणपती येतात, दिवाळी येते, प्रिलिम येते. तेवढ्या काळात खोल फोड खड्डे पाडून जातात. आपल्या सावळ्या कातडीवर फोड गेला तरी काळा डाग महिनोन्‌महिने राहतो. पाच महिन्यांनी वजन उतरवून आलेल्या मुलीला तुम्ही ट्यूब द्याल, पण खड्ड्याला ट्यूब नाही. त्याला लेसर आहे, सुया आहेत, आणि त्यांचे दर मला माहीत आहेत.

आमचं पुढं काय झालं ते सांगते, पुरावा म्हणून नाही. एका मुलीवरून काही सिद्ध होत नसतं. ऑगस्टमध्ये दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी चेहरा पाहिला, मग पाठ, मग मान. पाळीचं विचारलं. रात्री ॲडापलीन, पहिले दोन आठवडे एक दिवसाआड, सकाळी २.५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड, आंघोळीला वॉश, बाहेर जाताना सनस्क्रीन. काही रक्ततपासण्या लिहिल्या आणि शेवटी, उठता उठता म्हणाल्या, "वजनाचं आपण वेगळं बोलू. ते या ट्यूबसाठी थांबलेलं नाही." आणि एक ताकीद: बारा आठवडे माझ्याकडे तक्रार घेऊन यायचं नाही, कातडी फाटली तरच ये.

तिसऱ्या आठवड्यात चेहरा आधीपेक्षा वाईट दिसत होता. कोरडा, सोललेला, वर नवे दाणे. इथं पेशंट पळतात, मला ठाऊक आहे, माझ्याकडेच पळून येतात. आज वर दिसणारा दाणा कित्येक आठवड्यांपूर्वी आत तयार झालेला असतो, हे मी गिऱ्हाइकांना शंभरदा सांगितलंय आणि घरी आरशासमोर उभ्या लेकीला सांगताना माझाच आवाज बसला. सातव्या आठवड्यात हनुवटीवर नवा खोल फोड आला नाही. आठव्यातही नाही. नोव्हेंबरात कॉलेजच्या सगळ्या निळ्या कुडत्यांच्या गळ्याला पांढरे चट्टे पडलेले. बेन्झॉइल पेरॉक्साइड कपड्याचा रंग खातं. उशीचे अभ्रे आता पांढरेच घेतलेत. बारा आठवडे झाले त्या दिवशी वजन केलं होतं. ८१.

माझी मागणी मोठी नाही. चिठ्ठीवर ट्यूबची संख्या जागेच्या हिशेबानं लिहा. पाठ असेल तर तीन लिहा, महाग पडेल तर तसं सांगा, मी स्वस्तातली कंपनी दाखवीन. वजनाबद्दल बोलायचं असेल तर ते का, हे एका वाक्यात सांगा. इन्शुलिनमुळे असेल तर इन्शुलिन म्हणा. आणि तुमच्यातले जे औषधांच्या ट्रायलमध्ये काम करतात त्यांना एक विनंती आहे. बारा आठवडे तुम्ही दाणे मोजता, तेव्हा पहिल्या दिवशी माणसाची उंची-वजन घेणं फुकटचं काम आहे. मग निकाल वजनाचे गट पाडूनही छापा, आपल्या २३ आणि २५ च्या रेघांवर, बायका-पुरुष वेगळे करून. जाड पेशंटांत एखादं जेल कमी चालत असेल तर ते आकड्यांत दिसू दे. मी तो कागद काउंटरच्या काचेखाली लावीन आणि मुलींना दाखवीन. पण तो आकडा चेहऱ्यावरून येऊ दे, बोळातल्या काट्यावरून नको.

आमच्या दुकानाबाहेरही एक काटा होता, नाणं टाकायचा, लाल-पिवळ्या दिव्यांचा. बस स्टँडकडे जाणारी पोरं त्यावर मजा म्हणून चढायची, दिवे गरगर फिरायचे, खाली तिकिटावर वजन. दिवाळीआधी मी तो आत घेतला, कफ सिरपच्या खोक्यांमागे, जिथं एका वेळी एकच माणूस मावतं. मालक म्हणाले, धंदा बसेल. महिन्याला जेमतेम दीडशे रुपयांची नाणी निघायची. तुमचा तर फुकटच आहे. तो नुसता पडद्यामागे सरकवायचा आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
मिरजेची एक फार्मासिस्ट